पेटीवरची रश्मी

एकोडीत रश्मीला भित्री म्हणताना कोणी आवाज खाली करत नसे. ती कुत्र्याला भ्यायची, बैलाला भ्यायची, शाळेत हजेरी घेताना आपलं नाव आलं तरी भ्यायची. तलावाच्या पाळीवरून जाताना पाण्याकडे बघायची नाही, आणि खांबावरच्या तारा वाऱ्यात हलल्या की वाट सोडून धानाच्या बांधीत उतरायची. लोकांनी कारणं शोधून पाहिली. कुठे पडली होती का, कोणी धाक घातला होता का. तसलं काही नव्हतं. काही माणसं जन्मतः डावखुरी असतात, तशी ही जन्मतः भित्री. तिच्या आईचं, लीलाबाईचं, एवढंच म्हणणं होतं की वयात आली की जाईल. पोरगी वयात आली, बारावी झाली, भीती होती तिथेच राहिली.

बाप लहानपणीच गेला होता. लीलाबाई लोकांच्या बांध्यांत रोवणी करायची, निंदण करायची, कापणीला जायची, आणि कामं नसतील त्या दिवसांत कोणाच्या घरी कामं निघतील याची चौकशी करायची. पोरीनं आपल्यासारखं कमरेतून वाकून आयुष्य काढू नये, एवढी एकच इच्छा तिनं मनात धरली होती. म्हणून गावात एक ताई आल्या आणि म्हणाल्या की भंडाऱ्याला एका संस्थेच्या केंद्रात गरीब घरच्या पोरापोरींना काम शिकवतात, राहणं-जेवणं फुकट, तेव्हा लीलाबाईनं दुसऱ्याच दिवशी रश्मीला एसटीत बसवलं. शिवणकाम शिकेल, घरी मशीन घेईल, असा बेत होता.

केंद्रावर पोचल्यावर कळलं की शिवणकामाची बॅच भरली. ब्युटी पार्लरचीही भरली. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, आता फक्त इलेक्ट्रिशियनमध्ये जागा आहे, आणि त्यात मुली येत नाहीत.

"राहणं-जेवणं त्यातबी फुकटच आहे का जी?" लीलाबाईनं विचारलं.

"हो, सगळ्यांनाच."

"मंग लिहा."

अशा रीतीनं विजेच्या तारेखालून न जाणारी पोरगी विजेच्या कामात पडली. रश्मीला नाही म्हणता आलं असतं, पण नाही म्हणायचीसुद्धा तिला भीतीच वाटायची.

शिकवायला केवळराम सर होते. लाईनमन म्हणून निवृत्त झालेले, काटक, कमी बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात टेस्टर देऊन बोर्डात घालायला लावला. पोरं ऐटीत पुढे झाली. रश्मीची पाळी आली तेव्हा टेस्टर तिच्या हातात असा थरथरत होता की तो भोकात जाईना. मागे पोरं हसली. केवळराम सर हसले नाहीत. ते तिच्या हाताकडे बघत उभे राहिले आणि टेस्टर गेल्यावर "पुढचा" एवढंच म्हणाले.

सरांचं एक वेड होतं. बॅच सुरू झाली की प्रत्येकाला ते एक लहानसं पितळी कुलूप द्यायचे. म्हणायचे, "बटन बंद केलं म्हणजे लाईन बंद झाली, असं समजू नका. एक माणूस बटन बंद करते, दुसरा येऊन चालू करते, आन मरते तिसरा. म्हणून बंद केलं की कुलूप. आन ज्याचा हात आत आहे, त्यानं सोता बाहेर येऊन तोंडानं सांगितल्याबिगर कुलूप खोलायचं नाही."

पोरांनी हा नियम पाठ केला आणि परीक्षेत लिहून मार्क घेतले. रश्मीनं त्याच्यावर विश्वास ठेवला. एकदा प्रॅक्टिकलला सर स्वतः खोलीच्या आत गेले, कुलपाशी तिला बसवलं, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या एका पोराला तिच्याकडे धाडलं. तो म्हणाला, सरांनी खोलायला सांगितलं. तिनं खोललं. सर बाहेर आले, तिच्यासमोर उभे राहिले.

"मी सांगितलो का तुले?"

"नाही जी."

"मंग मी मेलो, रश्मी."

ते ओरडले नव्हते, पण रश्मी त्या दिवशी जेवली नाही. भिण्यासारख्या इतक्या गोष्टी तिच्याकडे आधीच होत्या, त्यात ही एक आली, आणि बाकीच्या सगळ्यांच्या वर जाऊन बसली.

बॅच संपल्यावर निरोपाचा कार्यक्रम झाला. मागे बॅनर, समोर पाहुणे, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या, ज्या फोटो झाल्यावर परत घेतल्या. बॅचमधली काही पोरं नागपूरला कंपनीत लागली, काही महिनाभरात परत येऊन चौकात बसली. फोटोत सगळे सारखेच हसताना दिसतात, फोटोचं तेवढं बरं असतं. रश्मीला साकोलीत भैयाजींच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात लावून दिलं. जळलेल्या मोटारी यायच्या, त्यातली काळी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेटोळ्यावर वेटोळं अशी भरायची. रश्मीची बोटं बारीक आणि नजर कमालीची सावध. भैयाजी खूश होते. आणि रश्मी त्याहून खूश होती, कारण उघडलेल्या मोटारीत लाईन नसते. कारागीर व्हायचं आणि करंटला हातही लावायचा नाही, असा रस्ता तिला सापडला होता. लीलाबाई बायकांत सांगू लागली होती की माझी पोरगी सावलीत बसून काम करते.

तो रस्ता उन्हाळी धानाच्या दिवसांत बंद झाला. दुकानाचा मंगेश शेतावर जाऊन मोटारी बसवायचा. अंगानं दांडगा, बोलायला मोकळा, कामात तरबेज आणि निष्काळजी. त्याचा हेल्पर काम सोडून गेला.

"दोनचार दिवस तू जा मंगेशसोबत," भैयाजी म्हणाले. "तुले काही करायचं नाही. पेटीपाशी बसायचं, बस."

"कोणाचं वावर जी?"

"तुह्याच गावचं. सोमाजीचं."

रश्मीच्या पोटात खड्डा पडला. सोमाजी म्हणजे एकोडीतला जुना शेतकरी. लीलाबाईची निम्मी मजुरी त्याच्याच बांध्यांतून यायची. तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही असं लोक म्हणत. पण त्याच्या मनापर्यंत पोचायचं तर आधी तोंडाला तोंड द्यावं लागे, आणि रश्मीनं उभ्या जन्मात त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

स्टार्टरची पेटी रस्त्याकडेच्या खांबाजवळ, पत्र्याच्या खोपटात होती. विहीर तिथून काही बांध्या पलीकडे, पळसाच्या झाडांआड. पेटीपाशी बसलं की विहीर दिसत नसे. मोटार विहिरीत खोल, कपारीतल्या ओट्यावर बसवलेली, तिच्या वायरचा जोड जळला होता. विहिरीत उतरून तो नवा करायचा होता.

आणि पेटीत ऑटो होतं. ज्यांच्या घरी कधीही बटन दाबलं तरी दिवा लागतो, त्यांना हे सांगायला हवं. शेताच्या मोटारीला लाईन दिवसातले काही तासच मिळते. ती कधी येणार याचं वेळापत्रक असतं, पण ते पाळायची सक्ती लाईनवर नसते. म्हणून लोक स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात. लाईन आली की मोटार आपली आपण सुरू होते. मालक घरी, पाणी शेतात. मोठी सोय आहे. फक्त वायरी कोणाच्या हातात आहेत, हे ऑटोला कळत नाही.

रश्मीनं मेन स्विचचा दांडा खाली ओढला, त्याला आपलं पितळी कुलूप घातलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

मंगेश हसायला लागला. "कुलूप कायले वो? लाईन तं दुपारी आहे. तवापर्यंत मी जेवून झोपलो राहीन."

"सरांनी सांगितलं आहे. तू बाहेर आला का इथं येऊन मले सांगजो. मंग खोलीन."

"बरं बाई, सांगीन."

तो दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून पळसांकडे गेला. शर्ट काढून त्यानं फांदीला टांगला, हे तिला झाडांतून जेमतेम दिसलं. मग हातोडीचे ठोके ऐकू येत राहिले. मग थांबले. रश्मी खोपटाच्या सावलीत बसली होती. सकाळच होती अजून. तिनं कुलूप ओढून पाहिलं, थोड्या वेळानं पुन्हा ओढून पाहिलं. वर खांबाला सोमाजीनं एक बल्ब बांधून ठेवला होता, लाईन आली की लांबून कळावं म्हणून. एकदा मान वर करून पाहते तर बल्ब पेटलेला.

बल्ब कधी पेटला हेही तिला सांगता आलं नसतं. दांडा खालीच होता, कुलूप जागेवर होतं, तरी तिनं दोन्ही हातांनी दांडा खाली दाबून धरला, जणू तो आपल्या मनानं वर जाईल. "मंगेशदादा, लाईन आली," ती ओरडली. पण रश्मीचं ओरडणं ते काय, पहिल्या धुऱ्यापर्यंतही गेलं नसेल.

बल्ब दुसऱ्यांना मात्र दिसला. फटफटीवरून सोमाजी आणि त्याचा मुलगा चंद्रकुमार आले. धान पोटरीत आलेला, लोंब्या फुटायच्या बेतात, मोटार बंद असल्यानं बांध्यांना भेगा पडायला लागलेल्या, आणि लाईन किती वेळ टिकेल याचा भरवसा नाही. सोमाजीची घाई खोटी नव्हती. तो थेट दांड्याकडे आला आणि थांबला.

"हे काय?"

"कुलूप आहे जी, आबाजी."

"ते दिसते मले. कोणं लावलं?"

"मी."

"खोल."

"मंगेशदादा विहिरीत आहे जी."

"कोण विहिरीत आहे?" चंद्रकुमार म्हणाला. "आताच रोडवर एक पोट्टा बनियानवर फटफटीच्या मागं बसून जाताना दिसला. मंगेशच असन तो."

असन. रश्मी त्या शब्दापाशी अडकली. असेल म्हणजे आहे नव्हे. "पाहून या जी," ती म्हणाली.

चंद्रकुमार कुरकुरत गेला. तो पळसांआड होता तेवढ्या वेळात रश्मीनं मंगेशला फोन लावला. कोणी उचलला नाही. चंद्रकुमार परत आला आणि म्हणाला, विहिरीत कोणी नाही. आवाज दिला, उत्तर नाही. काठावर चपला नाहीत. शर्ट फांदीला टांगून आहे, आणि फोन शर्टात वाजतो आहे.

शर्ट आणि फोन इथे, मग माणूस रस्त्यानं कसा जाईल? आणि आत असेल तर उत्तर का देत नाही? रश्मीच्या डोळ्यांसमोर कपारीत आडवा पडलेला मंगेश आला. खोल विहिरीत हवा कोंडते, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो, हे ती केंद्रात शिकली होती.

"कपार वरून दिसत नाही जी," ती म्हणाली. "बेशुद्ध होऊन पडला असन तर? कोणी उतरून पाहा ना."

चंद्रकुमारनं बापाकडे पाहिलं. बापानं धानाकडे पाहिलं. "उतरायचं कायले? माणूस रोडनं गेला म्हणते ना."

तोवर आजूबाजूच्या वावरांतले दोघेतिघे जमले. त्यांनीही विहिरीत उतरायचं सोडून बाकी सगळे उपाय सुचवले. कोणी म्हणालं, किल्ली घ्या हिसकून. कोणी म्हणालं, गोटा आणा, एका दणक्यात तुटते. सोमाजीचा आवाज चढला.

"माह्या वावरात, माह्या पेटीले, हिचं कुलूप. तुही माय माह्या बांधीत रोवणं करते, विसरली का?"

ती विसरली नव्हती. तीच तर सगळ्यात मोठी भीती होती. कापणीच्या वेळी बायकांना बोलावणी जातील, आपल्या आईला जाणार नाही, आई रिकाम्या हातानं दारात बसेल आणि आपल्याला एक शब्द बोलणार नाही, हे सगळं तिला तिथे उभ्या उभ्या दिसलं. एक गाठ सोडायची, किल्ली पुढे करायची, की सगळं मिटलं असतं. आणि कपारीत मंगेश असता तर तोही मिटला असता. तिला उभं राहवेना, म्हणून ती खाली बसली, ती नेमकी दांड्याला पाठ लावून. लोकांना वाटलं पोरगी हट्टानं अडून बसली. खरं तर तिच्या पायांनी साथ सोडली होती.

"त्याले येऊन सोता सांगू द्या जी," ती म्हणत राहिली. "मंग खोलीन." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की जवळच्यालाही ओठच हलताना दिसत होते.

चंद्रकुमारनं गोटा उचलला. पण कुलपावर घाव घालायचा तर आधी तिला तिथून हलवावं लागणार, आणि परक्या तरण्या पोरीच्या अंगाला हात कोण लावणार? तो गोटा घेऊन उभा राहिला. रश्मीनं डोळे मिटून घेतले. गोटा आता पडेल की मग पडेल, आणि पडला तर कुलपावर की आपल्यावर, याची वाट पाहत ती बसली. ऊन चढत होतं, बल्ब तसाच पेटलेला, सोमाजी बडबडत होता, आणि ती कान फक्त पळसांकडे लावून होती.

आवाज आला तो रस्त्याकडून. कोणाच्या तरी फटफटीवरून मंगेश उतरला. अंगात बनियान, पायात चपला, गालात तंबाखूचा खर्रा, हातात चिकटपट्टीची गुंडाळी.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

जे हसू फुटलं ते रस्त्यापर्यंत गेलं असेल. रिकाम्या विहिरीची राखण केली पोरीनं. सोमाजी तेवढा हसला नाही. रश्मीही हसली नाही. तिनं उठायचा प्रयत्न केला, जमला नाही, बसल्या जागेवरून तिनं विचारलं, "तू बाहेर आला का?"

"आलो ना बाई. दिसत नाही का?"

"जोड झाला?"

"नाही, टेप संपली होती, तिकडच्या धुऱ्यानं रोडवर निघून आणाले गेलो. वायरी अजून उघड्याच आहेत."

म्हणजे कुलूप खोललं असतं तरी पाण्याचा थेंब येणार नव्हता. ही गोष्ट मंगेशच्या तोंडून सगळ्यांच्या देखत बाहेर पडली, पण हसण्याच्या गडबडीत तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मंगेश पुन्हा उतरला, जोड पुरा केला, वर आला, पेटीपर्यंत चालत आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आलो बाई बाहेर." तेव्हा कुठे तिनं ओढणीची गाठ सोडली. गाठ सुटायलाही वेळ लागला. पाणी सुरू झालं. सोमाजीनं तिथूनच भैयाजींना फोन लावला आणि काय ते सुनावलं.

संध्याकाळी दुकान आवरताना मंगेश तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"लाईन कवा आली होती वो?"

"तुह्या हातोडीचा आवाज थांबला, त्याच्या आसपास."

"थांबल्यावर का आधी?"

"नाही माहीत. मी वर पाह्यलं तवा बल्ब लागूनच होता."

मंगेश बाकावर बसला. "आवाज थांबला तवा मी वायरी सोलून राहिलो होतो," तो म्हणाला. "तिन्ही वायरी हातात होत्या. लई वेळ होत्या. मंग टेप पाह्यली तं टेप नाही, म्हणून चढलो." त्यानं आपले तळहात उलटे करून पाहिले. विहिरीत असताना लाईन आल्याचं कळत नाही. कळतं ते एकदाच. ती आली तेव्हा तो आत होता की बाहेर, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हतं, आणि जगात दुसरं कोणी सांगू शकणार नव्हतं. समोर आणून ठेवलेला चहा त्यानं तसाच ठेवला आणि घरी गेला.

भैयाजींनी रश्मीला सांगितलं, तू दुकानातच बस. तिला ते मनापासून पटलं. घरी मात्र तिला जे दिसलं होतं तेच झालं. सोमाजीच्या बांधीत कापणी लागली, शेजारच्या बायका गेल्या, लीलाबाईला बोलावणं आलं नाही.

"खोललं असतं तर काय झालं असतं?" लीलाबाईनं एकदाच विचारलं.

"काही नाही. विहीर रिकामी होती."

"मंग?"

"मले माहीत नव्हतं ना माय."

लीलाबाईनं भाताचं ताट पोरीपुढे सरकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून काम शोधायला शेजारच्या गावी जाऊ लागली.

पुढे जे झालं त्याची अपेक्षा भैयाजींनाही नव्हती. मंगेश म्हणाला, रश्मी पेटीवर असेल तरच मी विहिरीत उतरतो. भैयाजी चिडले. "त्या पोरीले येते काय? भेवानं मरते ती."

"म्हणूनच," मंगेश म्हणाला. "मले कुलूप खोलणारे लई भेटतात."

मंगेशसारखा कारागीर सोडायला भैयाजी तयार नव्हते. रश्मीला दुकानातून उठावं लागलं. ती रडली, पोटात दुखतं म्हणाली, पण गेली. मग दुसऱ्या वावरात गेली, तिसऱ्या वावरात गेली. आसपासच्या गावांत लोक तिला पेटीवरची म्हणू लागले; आधी चेष्टेनं, नंतर ओळख म्हणून. दुसऱ्या दुकानांचे कारागीरही भैयाजींकडे तिची मागणी करू लागले. केवळराम सरांनी आपल्या नव्या बॅचला तिचं नाव सांगितलं, असं तिच्या कानावर आलं, तर ते ऐकूनही तिला धास्तीच वाटली. भीती कमी झाली नाही. प्रत्येक वेळी दांडा खाली ओढल्यापासून आतला माणूस समोर येऊन बोलेपर्यंत तिच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. फक्त सोमाजीच्या वावरात ती गेली नाही. त्यानं सांगून ठेवलं होतं की ती पोरगी माझ्या पेटीपाशी दिसायला नको.

पुढच्या उन्हाळी धानाला सोमाजीची मोटार पुन्हा अडली. मंगेश म्हणाला, रश्मी येईल तर मी येतो. सोमाजीनं फोन आपटला. चंद्रकुमार म्हणाला, कोणाची गरज नाही, मी उतरतो, लाईन तर दुपारनंतर आहे.

त्या सकाळी लीलाबाई दारात तांदूळ निवडत होती. सोमाजी पायी आला. बौद्ध मोहल्ल्यात तो मजूर सांगायलाही कधी स्वतः येत नसे, गडी धाडत असे. तो अंगणात उभा राहिला. लीलाबाई उठली, तिनं खुर्ची पुढे केली, तो बसला नाही.

"पोरगी आहे का घरी?"

"आहे जी. काय झालं?"

"चंद्रकुमार विहिरीत उतरून राहिला." बोलता बोलता तो थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ऊन अजून फारसं तापलं नव्हतं. "ऑटो काढाले सांगितलो, तं म्हणते, काही होत नाही. ऐकत नाही माहं. तिले म्हणा, कुलूप घेऊन ये."

रश्मी आतून ऐकत होती. तिच्या पोटात नेहमीसारखं झालं. ती कुलूप घेऊन निघाली.

खोपटात तिनं दांडा खाली ओढला, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. चंद्रकुमारला विहिरीतून वर बोलावून सांगितलं, बाहेर आला की इथे येऊन मला सांगायचं. तो मान हलवून गेला. ती दांड्याजवळ बसली. सोमाजी घरी जाईल असं तिला वाटलं होतं, तो गेला नाही. तो पळसांकडे तोंड करून उभा राहिला. मध्येच बल्बकडे बघायचा, मग पुन्हा पळसांकडे. हातोडीचा आवाज येत होता, तो थांबला. सोमाजीनं झटकन तिच्याकडे पाहिलं. रस्त्यानं जाणाऱ्या कोणी हाक मारून विचारलं, कायची राखण चालली आहे? त्यानं पळसांवरची नजर काढली नाही.

"तुले असंच होते का?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"काय जी?"

"हे. पोटात."

"हो जी. रोज."

"किती वेळ राह्यते?"

"तो येऊन सांगते तोवर."

सोमाजी आला आणि तिच्या बाजूला, दांड्याला पाठ लावून खाली बसला.